एकोणीस नंबरचा पाळणा

सकाळपासून नगरपालिकेची माणसं पाळण्याला निळा रंग देताहेत.
रंग ओला, आणि पाहुणी दुपारीच येणार.
बेसोने आतल्या बाकावर वर्तमानपत्र पसरलंय,
तिबिलिसीहून येणाऱ्या कोटाला डाग नको.

पुस्तकात आहे तसाच हवा, महापौर म्हणाले.
पुस्तकात तो निळा आहे.
खरा कधीच निळा नव्हता, गंजाचा असतो तो रंग त्याचा.
पुस्तकात नंबर सतरा, म्हणून सतरा.
मी काही बोलले नाही. मी वरच्या स्टेशनात दांडा ओढणारी बाई,
पगार वीस तारखेला, आला तर.

लामारा चौदा वर्षांची होती त्या हिवाळ्यात.
वीज गेली तेव्हा दरीच्या मधोमध
ती, तिचं पिठाचं पोतं, एक खाणकामगार
आणि कोंबडी कुशीत धरलेली नातेला मावशी.
अकरा तास.
खाली नदी, मँगनीज धुऊन धुऊन काळी झालेली,
दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.
तिथंच म्हणे सुचलं तिला ते पहिलं वाक्य.
आता शाळेच्या भिंतीवर आहे ते,
डबा संपला म्हणून शेवटचा शब्द फिकट.

पुस्तकात पाळणा चालवणारा
दारू पिऊन झोपलेला असतो.

तो माझा बाप. ग्रिशा.
त्या रात्री तो हातरहाट फिरवत होता,
एका फेऱ्याला पाळणा वीतभर सरके.
पहाटे त्यानेच तिला उचलून उतरवलं.
तळहातांची सालं निघाली होती,
आईने अक्रोडाचं तेल लावून फडकी बांधली.
पुस्तक आलं, आणि बाजारात पोरं
त्याला बघून घोरायला लागली.
तो हसायचा. पाच वेळा वाचलं त्याने ते.
समासात पेन्सिलीने एकच दुरुस्ती:
सतराच्या जागी एकोणीस.

दुपारी बँड, पितळी पाटी, महापौरांचं भाषण.
'या मातीने' असं चारदा म्हणाले.
माती कुठली इथं, धूळच आहे सगळी, पण टाळ्या पडल्या.
कर्ण्यातून वर मलाही सगळं ऐकू येत होतं.
मुलांनी पान सत्तेचाळीस म्हटलं, मग एकदम एकोणपन्नास.
मधलं कुणी गाळलं ठाऊक नाही.
आणि मग काठी टेकत ती म्हणाली,
मला वर जायचंय. एकटीला.

निम्म्यावर आली तेव्हा
पाळण्यातला फोन वाजला.
'दांड्यावर कोण आहे?'
'ग्रिशाची त्सिउरी.'
तारेत बराच वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणाली, 'मी पाहिले होते त्याचे हात.
पण झोपलेला माणूस लिहायला सोपा असतो गं.'

दांडा माझ्या मुठीत होता.
थांबवता आलं असतं. अकरा तास नको, अकरा मिनिटं.
खाली बँड वाजत राहिला असता,
वीज गेली म्हणायचं, इथं कोण विचारतं.
बाप म्हणायचा, शेवटचे दहा हात सावकाश घ्यावेत,
आत कोण आहे ते आपण बघायचं नसतं.

मी सावकाश घेतलं.

ती उतरली. कोटाच्या पाठीवर निळा पट्टा उठला होता.
माफी तिने मागितली नाही, मी असू दे म्हटलं नाही.
'तू केवढी होतीस तेव्हा?'
'नऊ.'
एवढंच. मग मी तिला चहा दिला,
कान तुटलेल्या कपातून, चांगला खाली महापौरांसाठी नेला होता.

आज आठवडा झाला.
उन्हाने स्वस्तातला रंग उडतोय,
सातच्या आतून नऊचा गोल वर यायला लागलाय.
बेसो विचारत होता, दुसरा हात द्यायचा का?
म्हटलं, रंग संपला.

डबा बापाच्या कपाटात आहे,
अर्ध्याहून जास्त भरलेला.